मी बसते खालीच, तुम्ही या जाऊन

सहलीला निघालेल्या बहुतेक गाड्यांमध्ये एक बाई अशी असतेच. गडाच्या पायथ्याशी, लेण्याच्या पहिल्या पायरीपाशी, धबधब्याच्या अलीकडच्या वळणावर गाडी थांबली की ती म्हणते, ''मी बसते खालीच, तुम्ही या जाऊन.'' मग तिच्या मांडीवर सगळ्यांच्या पर्सेस, कुणाचा स्वेटर, नातवाची पाण्याची बाटली आणि पायाशी चपलांचा ढीग. वर गेलेली मंडळी दोन तासांनी घामाघूम होऊन, हसत-खिदळत खाली येतात, मोबाइलमधले फोटो तिला दाखवतात. ती ''वा, छान आहे हो'' म्हणते आणि डबा उघडायला घेते.

आमच्या घरात ही बाई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. वय सदुसष्ट. गुडघे गेली दहा वर्षं कुरकुरताहेत. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. चौथीला शिवाजी महाराज आणि सहावीला सातवाहन हे त्यांचे हक्काचे विषय. दरवर्षी शाळेची सहल असायची. पन्नास पोरं मोजून वर पाठवायची, पन्नास मोजून परत घ्यायची आणि मधल्या वेळात दप्तरं-चपला सांभाळायच्या. ''शिवनेरीला मी सहा वेळा गेलेय,'' वन्सं सांगतात आणि मग हळूच पुस्ती जोडतात, ''म्हणजे पायथ्याला.'' पायांत बळ होतं तेव्हा त्या खाली थांबल्या, कारण कुणीतरी खाली थांबायला हवं होतं. आणि कुणी थांबायची गरज उरली नाही तेव्हा गुडघे म्हणाले, आता तुम्ही थांबाच.

२०२४ च्या डिसेंबरात नाशिकला घरचाच साखरपुडा होता. पुणे-नाशिक अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडं वर. हमरस्त्याने पाच तासांत माणूस पोहोचतो. पुरुषमंडळी कार्याच्या आदल्या रात्री येणार होती. म्हटलं, आपण चौघीजणी गाडी काढू, आधी निघू आणि सावकाश जाऊ. मी, वन्सं, मोठ्या जाऊबाई आणि माझी लेक. गाडी चालवणाऱ्या दोघी, मी आणि लेक. पाच तासांचं अंतर आम्ही चार दिवसांत कापलं. घरात सगळ्यांनी वेड्यात काढलं, ते असो.

या चार दिवसांची आखणी करताना मी एकच अट घातली होती. आपल्यापैकी कुणालाही राखणदार म्हणून खाली बसावं लागेल, अशा ठिकाणी थांबायचं नाही. किंवा थांबायचंच असेल, तर जी वर जाणार नाही तिच्यासाठी खालची एक वाट आधी शोधून ठेवायची. बसून वाट बघणं हा कार्यक्रम नव्हे.

अट घालणं सोपं होतं. नकाशा घेऊन बसलो तेव्हा कळलं, की छोटी चढण आणि साधं जेवण या दोन गोष्टी एका दिवसात बसवायच्या, तर तिसऱ्याच गोष्टीपासून सुरुवात करावी लागते. ती गोष्ट म्हणजे बाथरूम. हे पेपरात लिहायचं का, असं जाऊबाई विचारत होत्या. लिहायचं. कारण प्रवासाला निघालेली आपली बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. 'वाटेत कुठे सोय असेल-नसेल' म्हणून चहाचे दोन घोट घेते आणि तशीच बसते. त्याच कोरड्या अंगाने मग ती उन्हात दोनशे पायऱ्या चढायला जाते. पायात गोळे येतात, गरगरतं, लघवीची जळजळ सुरू होते आणि सगळ्यांचं मत होतं, ''हिला झेपत नाही.'' झेपत नाही कसं? पाणी न पिता कुणाला झेपेल?

म्हणून आम्ही नकाशावर आधी लाल पेनने ह्या जागा मांडल्या. पेट्रोल पंप, एसटी स्टँड, देवस्थानांची भक्तनिवासं, आदल्या रात्रीचा मुक्काम. भक्तनिवासं ही त्यातली सगळ्यात भरवशाची सोय, हा माझा अनुभव. एका महामार्गावरच्या चकचकीत हॉटेलात मागे एकदा 'ऑर्डर द्या, मग किल्ली देतो' असं उत्तर मिळालं होतं. तेव्हापासून चकचकीतपणावर माझा विश्वास नाही. लाल खुणा झाल्यावर निळ्या पेनने चढणी आणि हिरव्या पेनने जेवणं. लाल खुणांपासून फार लांब पडलेल्या तीन सुंदर निळ्या खुणा आम्ही खोडून टाकल्या आणि त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

चढणीचा वेळ कसा धरायचा, याचा एक जुना हिशेब आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला. दर पाच किलोमीटरला एक तास आणि वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. डोंगरात फिरणारी मंडळी अजून तो वापरतात. पण तो धडधाकट माणसाचा, न थांबता चालायचा हिशेब. आम्ही आमचा केला. सपाटीला तासाला तीन किलोमीटर आणि पायऱ्या असतील तर शंभर पायऱ्यांना दहा मिनिटं, बसण्यासकट. उतरायला तेवढाच वेळ. उतरणं सोपं, हा गैरसमज आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना विचारा. शरीराचा भार उतरतानाच गुडघ्यावर जास्त येतो. वन्संच्या डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली ती याच अटीवर. हातात काठी, उतरताना घाई नाही आणि दुखायला लागलं की तिथूनच परत.

तयारी महिनाभर आधी सुरू झाली. वन्सं रोज संध्याकाळी सोसायटीचा जिना तीन मजले चढायच्या आणि लिफ्टने खाली यायच्या. दुसऱ्या आठवड्यात लिफ्ट सोडली. कॅनव्हासचे बूट घेतले आणि ते घालून भाजी आणायला जायला लागल्या. नवे बूट सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घालणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत. साडीचा प्रश्न मात्र अवघड होता. उभ्या आयुष्यात त्यांनी पंजाबी ड्रेस घातलेला नाही. ''या वयात लोक काय म्हणतील?'' माझी लेक म्हणाली, ''आत्या, तिथे तुम्हाला ओळखणारी फक्त माकडं असतील.'' वन्सं हसल्या आणि लक्ष्मी रोडवर जाऊन दोन ड्रेस घेऊन आल्या. गर्द निळे. ओढणी काठीत अडकते म्हणून शिवाय दोन पिना.

पहाटे सहाला पुणं सोडलं. चाकण, राजगुरुनगर, मंचर करत आठच्या सुमाराला नारायणगाव. आता गावांना बाहेरून वळसे घालणारे रस्ते झालेत, त्यामुळे ही गावं न बघताच माणूस पुढे निघून जातो. पण जुन्नरला वळायचं तर नारायणगावात शिरावंच लागतं आणि शिरावंही. टोमॅटोच्या मोठ्या बाजाराचं हे गाव तमाशाचीही पंढरी. विठाबाई नारायणगावकरांचं नाव ज्या गावाने मिरवलं ते हेच. चौकात पोहे आणि चहा घेतला. पोटभर नाही, अर्धपोटी. चढण्याआधी मिसळ नको, हा जाऊबाईंचा हुकूम होता आणि तो बरोबर होता.

पहिली चढण शिवनेरी. 'गुडघे दुखणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशी किल्ल्यावर नेता?' असं कुणी म्हणेल. पण शिवनेरीची पायऱ्यांची वाट आमच्यासारख्यांसाठी सोयीची आहे. गाडी पायथ्याच्या पहिल्या दरवाजापर्यंत जाते, वाट रुंद आणि बांधलेली आहे आणि मुख्य म्हणजे वाटेत सात दरवाजे आहेत. महादरवाजा, पीर दरवाजा, परवानगीचा दरवाजा, हत्ती दरवाजा, शिपाई दरवाजा, फाटक दरवाजा, कुलाबकर दरवाजा. शत्रूला दमवायला बांधलेले हे सात दरवाजे आम्ही विसावे म्हणून वापरले. प्रत्येक दरवाज्याला सावली असते, टेकायला दगड असतो. एका दरवाज्यापासून पुढच्या दरवाज्यापर्यंत जायचं, एवढंच डोक्यात ठेवायचं. वरचा कडा बघायचाच नाही.

शिवाय इथे अर्ध्यावर थांबलं तरी थांबल्यासारखं वाटत नाही. पाचवा दरवाजा ओलांडला की शिवाई देवीच्या देवळाकडे वाट जाते. देवीच्या नावावरूनच जिजाबाईंनी मुलाचं नाव ठेवलं, असं परंपरा सांगते. म्हणजे तिथपर्यंत पोहोचलं तरी एक मुक्काम गाठला. अशी मधली जागा असलेली ठिकाणं शोधा, असं मी प्रत्येकीला सांगेन. ज्या चढणीला फक्त तळ आणि माथा आहे, तिथे न पोहोचलेली बाई हरल्यासारखी परत येते.

ठरलं होतं शिवाईपर्यंतच. वन्सं देवळात बसल्या, पाणी प्यायल्या, ओटी भरली. मग काठी उचलून म्हणाल्या, ''पुढे किती दरवाजे राहिले?'' दोन. अंबरखाना, गंगा-जमुना टाकी आणि मग ती दुमजली इमारत, जिथे १६३० मध्ये महाराजांचा जन्म झाला. पावणेअकराला त्या तिथे उंबऱ्याशी उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. कुठल्या तरी शाळेची पोरं आली होती. त्यांच्या बाई ओरडत होत्या, ''रांगेत या, रांगेत!'' वन्संनी त्यांना विचारलं, ''खाली कोण थांबलंय तुमच्याकडून?'' त्या म्हणाल्या, ''मदतनीस मावशी आहेत ना.'' वन्संनी पर्समधून चिक्कीचं पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं, ''हे मावशींना द्या.''

(जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात शिवनेरी आहे. तेव्हा गर्दी आता वाढलेलीच धरा आणि सकाळी लवकर जा.)

उतरून जुन्नरात जेवलो, तेव्हा दीड वाजला होता. जेवण आधीच ठरलेलं होतं, मासवडी. हे नाव ऐकून शाकाहारी पाहुणे दचकतात, पण त्यात मासा औषधालाही नसतो. शिजवलेल्या बेसनाच्या पोळीत तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसूण यांचं खमंग सारण भरून गुंडाळी करायची, तिच्या वड्या पाडायच्या आणि सोबत तिखटजाळ काळा रस्सा. बाजरीची भाकरी हवीच. आम्ही सकाळी जातानाच खानावळीत सांगून ठेवलं होतं, 'चौघीजणी, दीडच्या सुमाराला, रस्सा जरा बेताचा.' छोट्या गावात हा एक फोन किंवा जाता-जाताचा एक शब्द फार उपयोगी पडतो. मासवडी काही दहा मिनिटांत होणारा पदार्थ नाही. आयत्या वेळी गेलात तर राहिलेलं मिळतं.

जेवणाच्या बाबतीत माझी काही मतं ठाम आहेत. एक तर चढण जेवणाआधी, जेवणानंतर फक्त सपाटी. दुसरं, गाडी चालवणारीने भाताला हात लावायचा नाही. म्हणजे लावायचा, पण दोन घासच. आणि तिसरं, डबा असला तरी दिवसातून एकदा तिथल्या कुणाच्या तरी हातचं जेवायचं. आम्ही दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी घेतली होती, ती न्याहारीसाठी आणि अडीअडचणीला. जाऊबाईंचा आग्रह होता, की तिन्ही त्रिकाळ घरचंच खाऊ. मग मी विचारलं, ''पहाटे चारला उठून करणार कोण?'' त्यावर चर्चा संपली.

दुसऱ्या दिवशी एक पेच होता. जाऊबाईंना लेण्याद्रीला जायचंच होतं. अष्टविनायकांपैकी डोंगरावर असलेला एकटा गिरिजात्मज, तोही बौद्ध लेण्यांतल्या सातव्या लेण्यात. आतला प्रचंड दालनासारखा मंडप एकाही खांबाशिवाय उभा आहे, ते बघण्यासारखंच आहे. पण पायऱ्या तीनशेच्या वर, सलग, वाटेत माकडं आणि आदल्या दिवशीच शिवनेरी झालेला. दिवसाला एकच चढण हा आमचा नियम. मग फाटाफूट केली. सातला जाऊबाई आणि लेक वर गेल्या. मी आणि वन्सं खाली गाडीत बसलो नाही. आम्ही पायथ्याच्या रस्त्याने द्राक्षांच्या बागांच्या कडेने तासभर रमतगमत चाललो, एका घराच्या ओट्यावर चहा प्यालो. ऊन चांगलं वर आल्यावरच उसाकडचा रस्ता धरला. जुन्नरकडे बिबट्यांचा वावर आहे, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रसुद्धा आहे. तेव्हा पहाटे आणि तिन्हीसांजेला उसाच्या कडेने बायकांनी, खरं तर कुणीच, पायी भटकू नये. ओट्यावरच्या आजींनीच हे बजावलं.

आणि मग नाणेघाट. जुन्नरपासून पश्चिमेला तीसेक किलोमीटर, घाटघरमार्गे. जाताना पूर गावी कुकडेश्वराचं कोरीव देऊळ लागतं. कुकडी नदीचा उगम तिथलाच. घाटघरला एका घराशी थांबून 'एक वाजता चार ताटं' सांगितली, पैसेही आधीच विचारून घेतले. हे दोन्ही पक्षांना बरं असतं. पुढे फोनला रेंज मिळेल याचा भरवसा नसतो, म्हणून जे बोलायचं ते इथेच.

नाणेघाटाची गंमत ही, की कोकणातून चढून येणाऱ्याला तो दमवतो, पण देशावरून आलात तर गाडी जवळजवळ घाटमाथ्यापर्यंत जाते. समोर मोकळं पठार, डावीकडे जीवधन आणि कड्यावरून खाली पसरलेलं कोकण. कडेला तो प्रसिद्ध दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकत, असं म्हणतात. इथपर्यंत सगळं सपाट. खालची वाट आयतीच होती. पण जे बघायचं ते लेणं खिंडीतून थोडं खाली आहे. उंच-सखल, ओबडधोबड दगडी पायऱ्या. जाऊबाईंनी वरूनच हात जोडले. त्या सकाळी तीनशे पायऱ्या चढून आल्या होत्या, त्यांना कोण काय बोलणार?

वन्सं काठावर उभ्या राहून पायऱ्या बघत होत्या. तेवढ्यात खालून एक गुराखी दादा वर आले. आम्ही विचारलं, ''लेणं किती लांब आहे हो?'' ''हे काय, इथंच. दोन मिनिटं.'' डोंगरातल्या माणसाच्या दोन मिनिटांना पाचाने गुणायचं, हाही आमच्या हिशेबातला एक नियम. दहा मिनिटं. लेक पुढे, मी मागे, मधे वन्सं. दोन उंच पायऱ्यांवर त्या चक्क खाली बसल्या आणि सरकत उतरल्या. निळ्या ड्रेसला मागून चांगली माती लागली. साडीत हे जमलं नसतं, हे त्या स्वतःच म्हणाल्या.

लेण्यात थंडगार सावली. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लेख. सातवाहन राणी नागनिकेचा. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. तिने आणि तिच्या नवऱ्याने, सातकर्णीने केलेल्या यज्ञांची नावं त्यात आहेत, दिलेल्या दानांच्या याद्या आहेत. किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकांमध्ये या लेखातले आकडे मोजले जातात. मागच्या भिंतीत राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, सिमुक, नागनिका, सातकर्णी आणि राजकुमार. आज उरलीत ती फक्त पावलं आणि वर कोरलेली नावं.

हे सगळं मी वाचून आले नव्हते. वन्संनी सांगितलं. आधी लेकीला सांगत होत्या. मग तिथे पाठीवर सॅक घेऊन आलेली कॉलेजची पाच-सहा पोरं फोटो काढायची थांबून ऐकायला लागली. त्यांचा आवाज आपोआप वर्गातला झाला. ''हा लेख एका विधवेने कोरवून घेतलाय बरं का. नवरा गेल्यावर, मुलं लहान असताना. राज्य कुणाच्या जिवावर चाललं असेल, विचार करा.'' एका मुलाने विचारलं, ''मॅडम, तुम्ही इथे नेहमी येता का?'' वन्सं म्हणाल्या, ''पहिल्यांदाच. पण शिकवत होते एकतीस वर्षं.''

पोरांनी वर चढताना त्यांना हात दिला. मला काही करावंच लागलं नाही.

घाटघरला जेवायला दीड झाला, ताटं एकची सांगितली होती. घरातल्या ताई म्हणाल्या, ''मी दीडच धरला होता.'' नाचणीची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेतातल्याच तांदळाचा भात. अंगणात हिरडा वाळत घातला होता. या भागात हिरड्यावर बऱ्याच घरांचा संसार चालतो. वन्संनी गुडघ्यांचं सांगितल्यावर त्या ताई म्हणाल्या, ''माझेबी दुखतात की. पाणी आणायला जाते ना रोज वरती.'' त्यावर आम्ही चौघी गप्प बसलो. हौसेने चढणाऱ्यांनी कुणाच्या घरी जेवायला बसलं, की हेही ऐकावं लागतं.

तिसरा दिवस गाडीचा. जुन्नरहून भंडारदऱ्याला जायला नकाशा ओतूर-ब्राह्मणवाडा-कोतूळ असा जवळचा रस्ता दाखवत होता. आम्ही मुद्दाम आळेफाटा-संगमनेर-अकोले-राजूर असा लांबचा घेतला, कारण लाल खुणा त्या रस्त्याला जास्त होत्या. दर दीड तासाला थांबायचं, उतरायचं, दहा मिनिटं पाय मोकळे करायचे. थांबल्यावर गाडीभोवती नुसत्या फेऱ्या घालायला वन्सं लाजत होत्या. मग जाऊबाईही घालायला लागल्या. दोघी मिळून घालतात तेव्हा कुणी बघत नाही, असा काहीतरी त्यांचा समज.

संध्याकाळी भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेने चाललो. १९२६ मध्ये पुरं झालेलं हे विल्सन धरण प्रवरेवरचं. चौथ्या दिवशी सकाळी रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ पाहिलं. पायऱ्या नाहीत, चढ नाही, अंगभर कोरलेलं देऊळ आणि शेजारी पुष्करणी. चढणीच्या दोन दिवसांनंतर अशी जागा ठेवलीच पाहिजे. मग बारी. कळसूबाईचा पायथा. १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक, वाटेत लोखंडी शिड्या. ते आमच्यासाठी नव्हतं आणि आम्ही ते मनालाही लावून घेतलं नाही. पण बारीपासून थोडं वर गेलं की देवीचं एक देऊळ आहे. ज्यांना शिखर झेपत नाही त्यांनी इथेच नमस्कार करायचा. कुणाला सुचलं असेल हे, मी सारखा विचार करत होते. वन्सं म्हणाल्या, ''बाईच असणार.''

दुपारी घोटीला भाजी-भाकरी खाल्ली, घाईघाईत, सांगण्यासारखं काही नाही. तिथून मुंबई-आग्रा महामार्ग धरला आणि नाशिकच्या अलीकडे पांडवलेणी. ही खरं तर माझ्या यादीत नव्हती. दिवसाची चढण नव्हतीच आणि साडेतीन वाजले होते. लेण्यांची तोंडं उत्तरेकडे असल्याने कलत्या उन्हात वाटेवर सावली होती. दोनेकशे पायऱ्या, म्हणजे आमच्या हिशेबाने वीस-पंचवीस मिनिटं. नाव पांडवांचं असलं तरी ही चोवीस बौद्ध लेणी. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई. मुलगा गेल्यावर, नातवाच्या राज्यात, म्हातारपणी तिने हे लेणं भिक्षूंना दान दिलं आणि मुलाचे पराक्रम भिंतीवर कोरून ठेवले. आपल्याला गौतमीपुत्राबद्दल जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं या आईने लिहिलं म्हणून. जवळच दहाव्या लेण्यात नहपानाच्या मुलीने, दक्षमित्रेने, एक खोली दिल्याचा लेख आहे. नहपान आणि गौतमीपुत्र म्हणजे हाडवैरी. त्यांच्या घरच्या बायकांची दानं मात्र एका डोंगरावर शेजारी-शेजारी.

वन्संना हे सगळं पाठ होतं. पण त्या वर जायला निघाल्या तेव्हा जाऊबाईंनी गाडीतून उतरायचं नाव काढलं नाही. रतनवाडी, बारी आणि घोटीची भाकरी, त्या खरोखरच दमल्या होत्या. ''मी बसते खालीच,'' म्हणाल्या. नियम नियम. मी खालची वाट शोधायला लागले. पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे, तिथल्या बागेत फिरू म्हटलं. तेव्हा वन्संनी दार उघडून काठी त्यांच्या हातात दिली, स्वतः माझा हात धरला आणि म्हणाल्या, ''पंचवीस-पंचवीस पायऱ्या करू. मधे बसायला कठडा आहे. मी मघाशी पाहिलाय.''

पावणेचारला निघालो आणि तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत पोहोचायला साडेचार झाले. हिशेबापेक्षा वीस मिनिटं जास्त. वहीत ते लिहून ठेवलं आहे. वन्संची आता स्वतःची वही आहे, त्यात तीन रंगांचे पेन खोचलेले असतात. परवा फोनवर विचारत होत्या, कार्ल्याला पायऱ्या नेमक्या किती आणि लोणावळ्याच्या अलीकडे बऱ्यापैकी भाकरी कुठे मिळते.